अकरा दिवसांचे खोटे आकडे

उमैमाची गणिताची वही मी उलटी उघडली, म्हणून ती पानं माझ्या नजरेस पडली. पुढून भागाकार होते, नेहमीसारखे नीटनेटके. मागून मात्र तारखा आणि आकडे. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पुन्हा शहात्तर. एक पान भरलं की पुढचं पान. फेब्रुवारीपासून आकड्यांच्या शेजारी पेनाने काढलेले बारीक गोल होते. आधी एक, मग दोन, दोन, चार. त्या दिवशीच्या तारखेपुढे सात गोल होते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी दहा-बारा लेकरं माझ्या ओसरीवर अभ्यासाला बसतात. उमैमा त्यातली चौथीतली. तिला गणित सगळ्यात आधी येतं, पण ती उत्तर सांगत नाही. बाकीच्यांचं होईपर्यंत पाटीवर हात ठेवून थांबते. दिवाळीपासून ती मधल्या सुट्टीत घरी जाते आणि पुन्हा शाळेत येत नाही, असं तिच्या बाई मला म्हणाल्या होत्या. बाकीची पोरं गेल्यावर मी तिला हे आकडे कशाचे म्हणून विचारलं.

"अब्बाचे ठोके हायेत," ती म्हणाली. "दुपारी ते निजले की मी मोजते. एक मिनिट मोजायचे अन् लिहायचे. मग परत."

"आणि हे गोल?"

"निळे डाग. हातावरचे, पायावरचे. ते मी माझ्याच मनानं लिहून राहिले. अब्बानं सांगितलं न्हाई."

तिचे वडील मुजाहिद. त्याला मी तो चौथीत असल्यापासून ओळखतो, कारण तोही माझ्याच वर्गात होता. त्या वर्षी त्याला सारखा ताप यायचा, गुडघे सुजायचे, आज उजवा तर उद्या डावा. मला वाटायचं पोरगं शाळा चुकवतंय. मी हजेरीत फुल्या मारत गेलो. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं की त्या तापाने त्याच्या काळजाची एक झडप तेव्हाच खराब केली होती.

मुजाहिदचा हळद शिजवायचा कुकर होता. हंगामात ट्रॅक्टरमागे कुकर जोडून तो आमच्या कुरुंद्यापासून पार औंढ्याच्या बाजूपर्यंत शेतोशेत फिरायचा. चौतिसाव्या वर्षी कुकरच्या शिडीच्या चार पायऱ्या चढताना त्याला धाप लागायला लागली. मग तपासण्या, मोठ्या शहरातला दवाखाना, आणि छाती उघडून बसवलेली नवी झडप.

ही झडप कशी असते ते मी मुलांना सांगतो तसं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ती माणसाने बनवलेली असते, कडक असते, आणि उघडताना-मिटताना वाजते. शांत खोलीत मुजाहिदच्या शेजारी बसलं की मनगटी घड्याळासारखा बारीक आवाज ऐकू येतो. अशा झडपेवर रक्त गोठू शकतं. गुठळी झाली की झडप अडकते आणि माणूस जातो. म्हणून रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज, जन्मभर. पण रक्त फार पातळ झालं तर कुठे खरचटलं नसतानाही आतल्या आत वाहू लागतं. म्हणून दर महिन्याला वसमतला जाऊन रक्त तपासायचं. रक्त जितकं पातळ तितका आकडा मोठा; तो अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायचा. त्याच्या खाली धोका, वर धोका.

तो परत आला तेव्हा त्याचे वडील खाजा मिया यांनी गल्लीला जेवण दिलं. नवा जन्म झाला, असं प्रत्येकजण त्याला सांगून गेला. मीही सांगितलं. तुला झोप लागते का, असं कुणी विचारलं नाही. वाचलेला माणूस सुखातच असणार, हे आपण धरून चालतो.

पहिलं वर्ष ठीक गेलं. दसऱ्याच्या सुमारास औंढ्याकडच्या तांड्यावरून फोन आला. थावरा नावाचा माणूस दवाखान्यात मुजाहिदच्या शेजारच्या खाटेवर होता. त्याचंही तेच ऑपरेशन, तीच झडप. थावराची बायको जनकाबाई फोनवर सांगत होती, की सकाळी उठवायला गेले तर टिकटिक बंद होती. पिकाच्या गडबडीत त्याने तीन आठवडे गोळ्या घेतल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून मुजाहिद वसमतला गेला नाही. गोळ्या मात्र वेळच्या वेळी घेत राहिला. रात्री जागून तो स्वतःचा आवाज ऐकायचा. दुपारी डोळा लागणं भाग होतं, आणि झोपेत आवाज बंद पडला तर कळणार कसं, म्हणून त्याने पोरीला शेजारी बसवलं. तिचा कान तिखट आहे, असं तो कौतुकाने म्हणायचा. संध्याकाळी उठल्यावर वहीतले आकडे बघितले की त्याला दोन घास जायचे.

हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळलं. त्या संध्याकाळी मात्र मला फक्त सात गोल दिसत होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेलो. गावभर हळद शिजत होती. प्रत्येक वाऱ्यासरशी तो मातीसारखा, कडवट वास यायचा, आणि मोकळी जागा म्हणून उरली नव्हती. जिथे तिथे हळद वाळत पडलेली. मुजाहिद अंगणात बाजेवर बसला होता. ऊन चढलं होतं तरी लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला.

"या गुर्जी," तो म्हणाला. "हजेरी घ्याया आले का?"

घ्यावी म्हणतो, असं मी म्हणालो, आणि वसमतला शेवटचा कधी गेला होतास ते विचारलं. त्याने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग पोरांच्या अभ्यासाची, मग यंदाच्या हळदीची. मी थांबलो. थांबायची मला सवय आहे. शेवटी दसऱ्याच्या अगोदर, असं तो बाजेच्या दोऱ्यांकडे बघत बोलला.

त्याची बायको मलिका चुलीजवळ ओली हळद किसत होती. कीस फडक्यात घालून पिळला, वाटीभर पिवळाधमक रस निघाला, आणि ती वाटी तिने त्याच्या हातात दिली. त्याने एका दमात संपवली. यंदाचा पहिला गड्डा घरात आला तेव्हापासून दोन्ही वेळ देते, असं तिने मला अभिमानाने सांगितलं. हळदीनं रक्त साफ राहतं, गुठळी होत नाही. थावराला हे कुणी करून देणारं नव्हतं, असंही ती म्हणाली. मी त्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. खोकला आला की मीही तेच घेतो.

वाटी ठेवताना मुजाहिदची बाही वर सरकली. मनगटाच्या वर जांभळाच्या रंगाचा, तळहाताएवढा डाग होता. त्याने बाही खाली ओढली. मग बाजूला थुंकला, आणि थुंकीत रक्त होतं ते मी पाहिलं, मी पाहिलेलं त्यानेही पाहिलं.

आज वसमतला जाऊ, मी सोबत येतो, असं मी म्हणालो.

"कुकरला काटा असतो, गुर्जी," तो शांतपणे म्हणाला. "काटा लाल पट्टीत गेला की मी कॉक फिरवून वाफ सोडायचो. वसमतवाले माझा काटा तेवढा बघतेत. कॉक कुटं हाय ते कुणी सांगत न्हाई. मग कशाला बघाया जाऊ?"

"कॉक त्यांच्याकडे असेल. बघितल्याशिवाय फिरवणार कसा?"

"हे निळं काय हाय ते मला कळतं. माझी येळ आली. आता ते आकड्यात ऐकून काय करू?" मग मलिकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "घरच्यायला सांगू नका. पोरीच्या मोजण्यावर मी जिता हाय. तेवढं चालू द्या."

मी त्याच्या धाकट्या भावाला, साजीदला गाठलं आणि डागांचं काही न सांगता, भाईला वसमतला ने एवढंच म्हणालो. कुकर आता तो चालवतो. डोळे लाल, अंगावर वाफेने भिजलेला सदरा. हंगाम उरकला की नेतो म्हणाला. भाईपुढे दवाखान्याचं नाव काढलं तर तो दोन दिवस जेवत नाही, ही तकलीफ तुम्हाला माहीत नाही, असंही म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. खाजा मियांना सांगायचं तर मुजाहिदने मला अडवलं होतं. मी दोन दिवस त्याचा शब्द पाळला. आज वाटतं, ते दोन दिवस मी पुन्हा त्याच्या नावापुढे फुली मारली.

त्या आठवड्यात ओसरीवर मी आलेख शिकवत होतो. घरोघरच्या शेळ्या मोजून आणा आणि स्तंभ काढा, असं सांगितलं होतं. सगळ्यांनी शेळ्या काढल्या. उमैमाच्या कागदावर शेळ्या नव्हत्या. तळाशी तारखा होत्या आणि वर चढत जाणारे निळे स्तंभ. शेवटचा स्तंभ कागदाच्या वरच्या कडेला टेकला होता. अकरा.

"गुर्जी," तिने विचारलं, "कागद संपल्यावर काय करायचं?"

नवा कागद जोडायचा, असं मी तिला सांगितलं. मग पोरांना लवकर सोडलं आणि तिला थांबवून घेतलं. काल अब्बाच्या नाकातून रक्त आलं, रुमाल भरला, आणि त्यांनी तो चुलीत घातला, असं ती म्हणाली. तिच्या मनात अजून काही आहे हे मला कळत होतं. मी पाट्या पुसत राहिलो. सातवी पाटी पुसून झाली तेव्हा ती बोलली.

"हे माझ्यामुळं झालं."

जानेवारीत शाळेचं संमेलन होतं. नाचात तिचं नाव होतं आणि तालीम दुपारी व्हायची. घरी सांगायची तिची छाती झाली नाही. मलिका दुपारी हळदीच्या कामाला शेतात असायची. अब्बा निजले की उमैमा घरातून निसटायची, शाळेत जाऊन नाचायची, ते उठायच्या आत परत यायची आणि वहीत आकडे लिहायची. मनाने. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर. अकरा दिवस तिने एकही ठोका मोजला नव्हता. संमेलन झालं, आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिला निळा डाग आला.

"अकरा दिस खोटं लिहिलं," ती म्हणाली. "आता डाग बी अकरा झाले. बराबर अकरा. म्हणून मी अब्बाजवळून उठतच न्हाई. आता दुप्पट मोजून राहिले, तर ते कमी व्हतील का?"

लेकरांना मी आयुष्यभर शिकवलं की आकडा कशामुळे वाढला ते शोधा. हिने शोधलं होतं. उत्तर चुकीचं होतं, पण मांडणीत एक चूक काढता येत नव्हती. तुझा काही दोष नाही, असं मी म्हणालो असतो तर तिने मान हलवली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसली असती. म्हणून मी तिला विचारलं, हे तू अब्बाला सांगशील का? मी सोबत असेन. ते मरतील का सांगितल्यावर, असं तिने विचारलं. नाही, मी म्हणालो. मला ते नक्की माहीत नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा दिवस मावळायला अजून तास होता. मुजाहिद बाजेवर आडवा होता, चेहरा पांढुरका. मलिका शेतातून नुकतीच आली होती, पाय धूत होती. उमैमा बापाच्या पायाशी उभी राहिली आणि वर्गात धडा म्हणावा तसं सगळं एका सुरात सांगून टाकलं. नाच, तालीम, आकडे, डाग. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळं झालं, अब्बा."

मलिकाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मुजाहिदच्या छातीतला आवाज येत होता, टिक, टिक, नेहमीपेक्षा भरभर.

"अकरा दिस?" त्याने विचारलं.

"व्हय."

"अन् मी निजलो व्हतो?"

"व्हय. घोरत व्हते."

"शेजारी कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं."

तो उठून बसला. पोरीचा चेहरा त्याने दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांखाली नसतात तशी. ती रोज त्याच्या शेजारी बसत होती, पण तिच्याकडे त्याने बघितलं, असं मला वाटतं, त्या दिवशीच. मग त्याने शर्टाच्या बाह्या एकेक करून वर केल्या आणि मलिकासमोर हात धरले. तिने तोंडावर ओढणी दाबली.

"साजीदला फोन लावा गुर्जी," तो म्हणाला. "जीप आणाया सांगा. मोटारसायकल नको."

वसमतच्या डॉक्टरांनी डाग बघूनच नांदेडला पाठवलं. तिथे रक्ताचा आकडा आला साडेआठ. तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, आणि डोकं दुखतं का, शी काळी होते का, असं एकेक विचारत गेल्या. शी काळी होत होती, चार दिवस. हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं. त्याला लगेच खाटेवर घेतलं. गोळ्या चुकून जास्त घेतल्या का? नाही. दुसरं कसलं औषध, काढा, झाडपाला? मलिका म्हणाली, काहीच नाही, फक्त तुमच्याच गोळ्या. ती खोटं बोलत नव्हती. कुरुंद्यात हळदीला औषध कोण म्हणेल?

सही करताना तिचा हात पुढे आला. बाईंनी तिच्या पिवळ्या बोटांकडे बघितलं आणि सहज विचारलं, इतकी हळद? मलिका थोडी हसली. घरची आहे, यांच्यासाठी रस काढते ना, वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी. बाईंनी पेन खाली ठेवलं.

भाजी-वरणातली चालते, त्या म्हणाल्या. पण रोज इतका रस आणि वर ही गोळी, दोन्ही मिळून रक्त पाण्यासारखं होऊ शकतं. महिन्याच्या महिन्याला तपासलं असतं तर पहिल्याच वेळी कळलं असतं. मलिकाने हात ओढणीखाली घेतले. ते तिने दिवसभर बाहेर काढले नाहीत.

"तिला काई म्हणू नका," मुजाहिद म्हणाला. "मीच मागायचो."

पहिले दोन दिवस बाई काहीच सांगेनात. रक्त थांबलं तरी गोळी पुन्हा सुरू करावीच लागणार, आणि ती कधी सुरू करायची हे ठरवणं अवघड, असं त्या म्हणाल्या. जास्त दिवस थांबलं तर गुठळी. चौथ्या दिवशी आकडा साडेतीनवर आला. पाचव्या दिवशी त्यांनी त्याला झोपेबद्दल विचारलं, आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत मनाचे डॉक्टर बसतात, त्यांना भेटून मग घरी जा, असं सुचवलं. मला येड लागलंय का, असं तो म्हणाला. नाही, पण तुम्ही सहा महिने झोपला नाहीत, बाई म्हणाल्या. घरी जाऊन बघू, एवढंच बोलून त्याने तोंड फिरवलं.

घरी न्यायच्या दिवशी मी उमैमाला घेऊन गेलो. वॉर्डात पंखे घरघरत होते, ढकलगाड्या वाजत होत्या, कुणीतरी सारखं खोकत होतं. तिथे ती टिकटिक ऐकू येणं शक्य नव्हतं. ती बापाच्या खाटेवर बसली, त्याच्या छातीकडे झुकली, सरळ झाली. मलिका कागद गोळा करत होती. मी पिशवी भरत होतो. थोड्या वेळाने मुजाहिद तिच्याकडे एकटक बघतोय असं माझ्या लक्षात आलं. तिने उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्याच डाव्या मनगटावर दाबून धरली होती आणि ओठ हलत होते.

"काय करून राहिली?"

"माझे मोजून राहिले."

"काहून? तुला काय झालं?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "झालं तर कळाया पायजे ना."

मुजाहिदने चपला घातल्या. मला वाटलं तो बाहेर हवा खायला निघाला. तिचा हात धरून तो व्हरांड्याच्या टोकाला गेला, मी मागे. खिडकीपाशी एक कारकून कागद लिहीत होता. पेशंट कोण, त्याने मान वर न करता विचारलं.

"दोन कागद करा," मुजाहिद म्हणाला. "एक मुजाहिद, वय छत्तीस." त्याने पोरीला पुढे घेतलं. "दुसरा उमैमा. वय दहा."

त्रास काय, कारकुनाने विचारलं. मुजाहिदने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला माहीत होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं.

"भेव वाटतं," तो म्हणाला. "दोघायला."

आमच्या आधी सहाजण होते. आम्ही बाकावर बसलो. उमैमाचा डावा हात त्याने मनगटापासून आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता, तिची बोटं तिथे पोचू नयेत म्हणून. ती समोरच्या दाराकडे बघत होती. बोटं स्वस्थ होती. ओठ हलत होते.